तीन राखणींची पेज

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होते आणि त्या रानात एक साळिंदर खाणावळ चालवत असे. मुलांनो, रानात खाणावळ कशी काय, असे विचारू नका. भूक रानातही लागते, आणि भूक लागली की कुणीतरी रांधायला बसतेच.

सगळे तिला साळूमावशी म्हणत. तिची खाणावळ म्हणजे एका जुन्या उंबराखालचा कातळ. त्या कातळाला परातीएवढा खळगा होता. साळूमावशी सकाळी उठून रानातले कंद उकरायची, ते दगडावर ठेचायची आणि झऱ्याचे पाणी घालून खळग्यात भिजत टाकायची. ऊन वर आले की कातळ तापायचा आणि जेवणवेळेपर्यंत पेज आटून दाट व्हायची. मग तिच्यात थोडी आंबुशीची आंबट पाने चुरडायची, चिमूटभर खारी माती टाकायची, की झाले. ना मसाला, ना फोडणी. पळसाच्या द्रोणात वाढलेली ती पेज दिसायलाही गढूळ पाण्यासारखी दिसे. पण प्यायली की अंगात जीव येई आणि थकलेले पाय पुन्हा चालायला लागत.

रानात पैसा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या खाणावळीत पेजेचा मोबदला राखण करून द्यावा लागे. उंबरामागे टेकाड होते आणि टेकाडावर एक उंच दगड. पेज प्यायली की गिऱ्हाइकाने त्या दगडावर चढायचे आणि समोरच्या घळीकडे बघत बसायचे. घळीच्या तोंडाशी वाळलेले गवत होते, वर एक कपार होती. गवतात किंवा कपारीत काही हलले तर ओरडायचे. दगडाशेजारच्या खैराच्या झाडाची सावली दगडातल्या एका भेगेवरून दुसऱ्या भेगेवर सरकली की एक राखण पुरी झाली.

पूर्वी एका द्रोणाला एक राखण पडत असे. मग एका वर्षी साळूमावशीने दोन मागितल्या. यंदाचा उन्हाळा लागला तशा तिने तीन मागितल्या. पेज तीच, द्रोण तोच. द्रोण जरा लहान झाल्यासारखा वाटे, पण महागलेली गोष्ट डोळ्यांना लहानच दिसते, तेव्हा ते सोडून द्या.

गिऱ्हाइके कुरकुरू लागली. सशाचे म्हणणे असे, की कंद रानाचे, पाणी झऱ्याचे आणि ऊन तर फुकटचे, मग या बाईचे खर्च होते तरी काय? मुंगूस म्हणे, एवढा वेळ दगडावर बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात मी माझे पोट स्वतः भरीन. रानकोंबडी दोघांच्याही बोलण्याला मान डोलवायची. आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला तिघेही आपापला द्रोण पुढे करून उभी राहायची, कारण तसली पेज दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती.

या सगळ्यांत भेकराचे दुःख मात्र खरे होते. त्याची भेकरीण पोटुशी होती. दिवस भरत आले होते, तिला चालवत नव्हते, आणि साळूमावशीच्या पेजेवाचून दुसरे काही तिच्या पोटात ठरत नव्हते. भेकर स्वतः पेज पिईनासा झाला होता. राखणी संपल्यावर एकच द्रोण तो घ्यायचा आणि दातांत अलगद धरून करवंदीच्या जाळीत तिच्यासाठी न्यायचा. पण त्या एका द्रोणापायी त्याला सगळी दुपार दगडावर काढावी लागे, आणि ती सगळी दुपार भेकरीण जाळीत एकटी असे.

भेकर म्हणजे भुंकणारे लहान हरीण, त्याची जात मुळातच भित्री. पान पडले तरी त्याचे कान उभे राहतात. त्यात हा भेकर दगडावर बसून समोर घळीकडे बघे आणि मनात मात्र त्याला मागे जाळी दिसत राही. आपण परत जाऊ तेव्हा जाळी रिकामी असेल, हे एकच चित्र त्याला रोज दिसे. तिसरी राखण संपली की तो टेकाडावरून खाली धावत सुटे. जाळीजवळ आला की त्याचे पाय जड होत, आणि आत तिचा श्वास ऐकू आल्यावरच त्याचा स्वतःचा श्वास सुटे. दोन राखणींच्या काळातही त्याला भीती वाटायची. तिसरीने ती असह्य झाली.

एके दिवशी त्याने सगळ्यांसमोर विषय काढला. "साळूमावशी," तो म्हणाला, "साधी कंदाची पेज आहे ही. हिला तीन राखणी म्हणजे लूट झाली."

साळूमावशी द्रोण भरत होती. तिने वर पाहिले नाही. "परवडत नसेल तर नका घेऊ," ती म्हणाली. "पण खारी माती घातल्याशिवाय मी पेज वाढायची नाही, आणि तीन राखणींशिवाय खारी माती यायची नाही."

मातीचा आणि राखणीचा काय संबंध, असे भेकराने विचारले. बाकीच्यांनीही तेच विचारले. साळूमावशी गप्प राहिली. मुलांनो, इथे तिचे चुकले, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. साळूमावशी मानी होती, कामाला वाघ होती, पण विचारल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला कमीपणा वाटे. ती बोलली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडावर एकटा भेकर होता. वारा पडला होता. समोरच्या घळीच्या तोंडाशी गवत निश्चल उभे होते. वर कपारीत रोजचा पिवळट दगड होता. सगळे राखणदार त्या दगडाला ओळखत. सशाने तर त्याला नावही ठेवले होते, आळशी दगड. कारण एवढ्या राखणी झाल्या, पण त्या कपारीत कधी काही हललेच नाही.

पहिली राखण नुकती सुरू झाली होती. भेकराचे लक्ष पुन्हा जाळीकडे गेले. सकाळी निघताना भेकरीण म्हणाली होती, "अहो, आज लवकर या. मला आज बरे वाटत नाही." तो तेच घोकत होता, तेवढ्यात त्याला खाली काहीतरी हालताना दिसले. उंबरामागून साळूमावशी निघाली होती. काटे अंगाला चिकटवून, पोट जमिनीला टेकवून ती घळीकडे चालली होती. चोरासारखी चालली होती, असे भेकराला वाटले.

आता त्याचे डोके फिरले. आम्हाला उन्हात तापत ठेवून ही बाई रोज दुपारी फिरायला जाते तर. खारी माती कुठे मिळते ते एकदा कळले की मी स्वतः आणीन, घरीच पेज करीन, जाळी सोडून तिला एकटी टाकायची पाळीच येणार नाही. एवढा विचार त्याने केला आणि दगडावरून उडी मारली. त्याने आजवर राखण मोडली नव्हती. खैराची सावली पहिल्या भेगेवरून जेमतेम सरकली होती आणि दगड रिकामा राहिला.

गवतात शिरल्यावर त्याला पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे शांतता. त्याच्या बाजूच्या रानात दुपारीही तित्तिर ओरडतात, किडे किरकिरतात. इथे एकही आवाज नव्हता. भेकर थांबला. परत फिरावेसे त्याला वाटले. पण साळूमावशीची वाट समोर स्पष्ट दिसत होती, गवत दबून तिथे चिंचोळी पायवाट पडली होती. तो त्या वाटेने पुढे गेला.

घळीत वाटेच्या कडेला पांढरे काहीतरी पडले होते. हीच खारी माती असेल म्हणून त्याने तोंड खाली नेले आणि हुंगले. ते शिंग होते. आखूड, मुळाशी जाड, टोकाला आत वळलेले. त्याच्या स्वतःच्या कपाळावर होते तसेच. थोडे पुढे साळिंदराचे काटे विखुरलेले होते, काही जुने आणि काही ताजे. भेकराचे चारही पाय एकाच वेळी मागे वळायला बघत होते, तरी तो पुढे गेला.

घळीच्या शेवटी पांढुरकी दरड होती. साळूमावशी तिथे दोन पायांवर उभी राहून नखांनी माती खरवडत होती आणि खाली पसरलेल्या पळसाच्या पानावर पाडत होती. भेकराच्या पायांखाली खडा वाजला तशी ती गर्रकन वळली. भेकराला बघून ती रागावली नाही. तिने अगदी हळू आवाजात एकच गोष्ट विचारली.

"दगडावर कोण आहे?"

"कुणी नाही," भेकर म्हणाला.

साळूमावशीच्या पाठीवरचे काटे सळसळत उभे राहिले. पण तेवढ्यात त्या मातीचा वास भेकराच्या नाकात शिरला, आणि काय सांगू, त्या वासापुढे त्याची भीतीही मागे पडली. कितीतरी दिवस त्याने स्वतः पेजेचा घोट घेतला नव्हता. अंगाला मिठाची भूक होती. तो दरडीला जाऊन भिडला आणि चाटत सुटला. जीभ सोलवटली तरी त्याला थांबता येईना. चाटता चाटता वरची भुसभुशीत माती ढासळली आणि त्याच्या मानेवर, पाठीवर पडली. त्याला तेही कळले नाही.

"भेकरा," साळूमावशी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "वर बघ. कपारीत काय दिसते?"

त्याने वर पाहिले. "काही नाही. नुसती कपार आहे."

आणि बोलता बोलताच त्याची जीभ थांबली. तिथे दगड हवा होता. रोजचा पिवळट दगड.

"तो दगड नव्हे," साळूमावशी म्हणाली. "तो बिबट्या."

भेकराची पाचावर धारण बसली. साळूमावशी त्याला खाली दबून बसायला लावून भराभर सांगू लागली. बिबट्या दुपारी कपारीत झोपतो. तेवढीच वेळ माती न्यायला सापडते. घळीतून कपार दिसते, पण माती खरवडताना मान वर करून बघत राहता येत नाही. ते काम दगडावरच्या राखणदाराचे. बिबट्या उठला की वरून कुणीतरी ओरडेल आणि निसटायला वेळ मिळेल, एवढ्या भरवशावर ती रोज येत होती. पूर्वी खारी माती टेकाडाच्या पायाशीच होती, तेव्हा एक राखण पुरायची. ती संपली, मग ओढ्याकाठची संपली. आता या घळीपर्यंत यायला आणि परत जायला तीन राखणींचा वेळ लागतो. राखण तेवढीच वाढली होती, जेवढी तिची वाट लांबली होती.

"मग आम्हाला सांगितले का नाहीस?" भेकराने विचारले.

"सांगून काय झाले असते? घास उतरला असता का तुमच्या घशाखाली?" ती म्हणाली. "मी पेज वाढते. माझी भीती मी कुणाच्या द्रोणात वाढत नाही."

मग तिने पानाची पुरचुंडी केली, ती तोंडात धरली आणि मानेने खूण केली. घळीतून बाहेर पडायला एकच वाट होती. साळूमावशी पुढे आणि भेकर मागे, असे दोघे निघाले. बिबट्या कपारीत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. तो कुठे आहे हे ठाऊक नव्हते. प्रत्येक झुडूप भेकराला पिवळे दिसत होते. आपण परतलो नाही तर काय होईल, याचा विचार त्याला सोडत नव्हता. भेकरीण संध्याकाळपर्यंत वाट बघेल, मग जड पायांनी उठेल आणि आपल्याला शोधत याच गवतात येईल.

गवताच्या तोंडाशी आल्यावर त्याला ते दिसले. साळूमावशीच्या नाकासमोर, दोन ढांगांवर, गवताच्या काड्यांमध्ये एक कान होता. गोल, काळ्या काठाचा. तो जरासा वळला आणि पुन्हा स्थिर झाला. साळूमावशीची नजर जमिनीजवळ असते, तिला तो दिसला नव्हता. तिचे काटे सगळे पाठीला, आणि तोंड मऊ. ती सरळ त्या कानाकडे चालली होती.

डावीकडे दरड उतरती होती. भेकराला एका उडीत ती पार करता आली असती. बिबट्याचे लक्ष साळूमावशीवर होते, भेकर तिथे आहे हे त्याला बहुधा कळलेही नव्हते. उडी मार, असे त्याचे पाय म्हणत होते, आणि मुलांनो, त्याने ती मारली असती तर मी त्याला फार नावे ठेवली नसती. त्याच्या घरी कुणीतरी वाट बघत होते. पण दगडावरून ओरडायची जी राखण त्याने अर्धवट सोडली होती, ती त्याला त्या क्षणी आठवली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा मात्र तो असा भुंकला, की सगळी घळ दणाणली.

साळूमावशीने पुरचुंडी टाकली आणि जागच्या जागी वळून पाठ पुढे केली. त्याच वेळी बिबट्याने झेप घेतली. काटे त्याच्या पंजात घुसले आणि तो एवढ्या मोठ्याने गुरगुरला, की भेकराला आपण मेलोच असे वाटले. त्याने डोळे मिटून उडी घेतली. मागच्या मांडीवर काहीतरी आग लागल्यासारखे ओढले गेले. मग तो फक्त पळत होता. आपल्या पुढे कोण, मागे कोण, हे त्याने पाहिले नाही. उंबराखाली येऊन कोसळल्यावर त्याला दिसले, की साळूमावशीही आली आहे. तिच्या डाव्या कुशीवर एकही काटा उरला नव्हता. पुरचुंडी घळीतच राहिली होती.

त्या दिवशी तो रिकाम्या तोंडाने जाळीत गेला. श्वास ऐकू आला तेव्हा तो आत शिरला. भेकरीण म्हणाली, "अहो, आज पेज नाही आणलीत?" मग तिला वास आला. ती जवळ सरकली आणि त्याच्या मानेवरची, पाठीवरची माती चाटू लागली. किती दिवसांची उपाशी असल्यासारखी ती चाटत होती. मांडीवरची जखम चुकवून तिने त्याचे सगळे अंग स्वच्छ केले. भेकर तसाच उभा राहिला आणि रडला, पण तिला ते दिसू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली साळूमावशीने सांगितले, की आजपासून द्रोणाला एकच राखण. बिबट्याचा पंजा सुजला होता. तो आता कपारीत झोपत नव्हता, त्या दरडीखालीच पडून राहत होता. खारी माती आता मिळणार नव्हती. पण यातले काहीच तिने सांगितले नाही. एक राखण, एवढेच म्हणाली.

खाणावळीत आनंदीआनंद झाला. ससा भेकराच्या गळ्यातच पडला. भेकरदादांनी तोंड उघडले म्हणून भाव उतरला, असे तो ज्याला त्याला सांगत सुटला. मुंगसाने भेकराला आग्रहाने पुढे बसवले. साळूमावशीच्या उघड्या कुशीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. भेकराने पेजेचा घोट घेतला. ती अळणी होती, नुसते कंदाचे पाणी. त्याला खरे सांगायचे होते, पण राखण सोडल्याचे सगळ्यांसमोर कसे सांगायचे, या लाजेने त्याचे तोंड उघडेना. त्याने मान खाली घातली आणि पेज संपवली.

पेज स्वस्त झाली, पण तिच्याने अंगात जीव येईना. थोड्याच दिवसांत सशाच्या उड्या आखूड झाल्या. रानकोंबडीची अंडी पाय लागताच फुटू लागली. पेज बिघडली, असे आता सगळे म्हणू लागले. पूर्वी महाग म्हणून नाक मुरडणारे आता अळणी म्हणून मुरडू लागले.

आणि भेकरीण व्याली. पाडस सुंदर होते, पण ते उभे राहीना. पाय टेकवी आणि पुन्हा खाली बसे. भेकरिणीला दूध कमी होते. रानात न उठणाऱ्या पाडसाचे काय होते, हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणून दोघेही ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हते.

भेकर उंबराखाली गेला. साळूमावशी एकटीच बसली होती. त्याने पाडसाचे सांगितले. "नदीपलीकडे एक जागा आहे," ती दूर दिसणाऱ्या नदीकडे बघत म्हणाली. "माती चांगली आहे तिथली. पण पाणी ओलांडायच्या उतारात मगर असते."

"किती राखणी लागतील?"

"चार."

"उद्या सगळ्यांना सांग," भेकर म्हणाला. "पण या वेळी नुसता आकडा सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी साळूमावशी कातळावर उभी राहिली आणि म्हणाली, की उद्यापासून पेज पुन्हा खारी मिळेल, पण चार राखणी पडतील, आणि त्या आधी द्याव्या लागतील. एकदम कुजबुज उठली. "चार? पेजेला?" ससा म्हणाला, आणि त्याने भेकराकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. भेकरदादा बोलतील, अशी सगळ्यांची खात्री होती.

भेकर बोलला. घळ, कपार, तो पिवळा दगड, आणि आपण राखण मोडून खाली उतरलो ते, काहीही न लपवता त्याने सगळे सांगितले. साळूमावशीला त्याने कूस वळवून दाखवायला लावली. आळशी दगड म्हणजे काय होते हे कळल्यावर सशाचे कान पाठीला चिकटले. आपण रोज त्याच्या समोर बसून जांभया देत होतो, हे त्याला आत्ता समजत होते. मग सगळ्यांना पुढे बोलावून साळूमावशीने नदीची वाट सांगितली, मगर कुठे असते ते सांगितले, आणि पहिल्यांदाच म्हणाली, की मला भीती वाटते.

भेकर उठला आणि टेकाडाकडे निघाला. करवंदीच्या जाळीतून त्याने भेकरिणीला आणि पाडसाला आधीच हळूहळू हलवून दगडाच्या पायथ्याशी आणून ठेवले होते. आता राखण करताना त्याला मागे बघावे लागणार नव्हते. तो दगडावर चढला आणि नदीकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने ससा आला आणि काही न विचारता त्याच्या शेजारी बसला. मुंगूसही आले. खाली साळूमावशी, काटे अंगाला चिकटवून, नदीच्या वाटेला लागली.

उन्हात पाणी चमकत होते. उताराजवळ पाण्यात एक काळा ओंडका पडला होता.

"तो ओंडकाच आहे ना?" सशाने विचारले.

"माहीत नाही," भेकर म्हणाला. "बघत राहा."

ते सगळे बघत राहिले. पापणीही न लववता, घशात आवाज तयार ठेवून. साळूमावशी पाण्यात उतरली, पलीकडे गेली, दिसेनाशी झाली. सावली एका भेगेवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली. ओंडका जरासा फिरला, तशी तिघांनी एकदम आरोळी दिली. पलीकडे काठावर आलेली साळूमावशी जागीच थांबली. ओंडका पाण्याखाली गेला आणि दूर, वरच्या अंगाला पुन्हा वर आला. मग ती आली.

पुढच्या दुपारी पेज खारी होती. भेकरिणीने द्रोण चाटून पुसून संपवला, आणि दोन दिवसांनी दगडाच्या सावलीत पाडस लटपटत उभे राहिले. त्या पेजेला त्यानंतर कुणी महाग म्हटले नाही, आणि स्वस्तही म्हटले नाही. पण द्रोण हातात घेतला की आधी सगळे एकदा नदीकडे बघत.

तात्पर्य : साधे अन्न महागले तर ते आपल्यापर्यंत पोचवताना कुणी काय सोसले, हे आधी विचारावे, आणि मोल मागणाऱ्यानेही ते सांगायला लाजू नये, कारण न सांगितलेले मोल लुटीसारखेच दिसते.